‘एंड’ : शेवट, टोक आणि साध्य

फळ्यावर शब्दार्थ लिहून द्यावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा, ही आपल्या शाळांची जुनी रीत. ‘एंड म्हणजे शेवट’ हेही आम्ही वर्षानुवर्षे असेच लिहून दिले. आमचा विषय इतिहास. परंतु निवासी शाळेत गरजेप्रमाणे इंग्रजीचे तासही वाट्याला आले, आणि या एवढ्याशा शब्दाची खोली त्या तासांनीच आम्हाला दाखविली.

सिनेमाच्या पडद्यावर ‘दि एंड’ उमटले की उठायचे, हे मुलांना ठाऊक असते. ‘वीकएंड’ तर आता मराठीच झाला आहे. परंतु क्रिकेटच्या खेळपट्टीला दोन ‘एंड’ असतात. षटक संपले की गोलंदाजी दुसऱ्या एंडकडून सुरू होते. तेथे अर्थ ‘टोक’ असा आहे. लंडनचा ‘ईस्ट एंड’ म्हणजे शहराच्या पूर्व टोकाची, एके काळी गोदी कामगारांची व गोरगरिबांची असलेली वस्ती. ‘मेक एंड्स मीट’ या प्रयोगातही दोन टोकेच जुळवायची असतात, आणि आपली ‘तोंडमिळवणी’ नेमके तेच सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांना हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही.

मुले हमखास चुकतात ती एका ठिकाणी. ‘अ‍ॅट द एंड’ असे म्हटले की कशाचा शेवट ते पुढे येते : महिन्याचा, रस्त्याचा, पाठाचा. ‘इन द एंड’ म्हणजे ‘अखेरीस’, पुष्कळ घडामोडी होऊन गेल्यावर. त्याच्यापुढे ‘ऑफ’ येत नाही.

हा ‘एंड’ आणि आपला ‘अंत’ हे दूरचे भाऊबंद आहेत. भाषाशास्त्र दोहोंचे मूळ एकच मानते, आणि ‘अंत’ शब्दातही शेवट व टोक हे दोन्ही अर्थ नांदतात. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात तथागतांनी टाळावयास सांगितलेले दोन ‘अन्त’ म्हणजे भोगाचे टोक आणि देहदंडाचे टोक; दुःखाचा ‘अन्त’ म्हणजे मात्र शेवट.

एकदा आम्ही नववीच्या वर्गाला ‘अंत’ असलेले शब्द गोळा करण्यास सांगितले. अनंत, अंतिम, वृत्तान्त, दीक्षान्त, ‘अंत पाहणे’, असे पुष्कळ आले. एका मुलीने ग्रंथालयातील जुन्या कोशातून ‘अंत्यज’ आणला. त्यापुढे अर्थ होता : शेवटी जन्मलेला, हीन जातीचा. “सर, हा शब्द आपल्यासाठी आहे का?” तिने विचारले. वर्ग शांत झाला. त्या तासाला आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. पण ते तोंडी सांगण्यापेक्षा पुस्तक हातात घेऊन सांगावे असे वाटले.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचा ‘द अनटचेबल्स’ हा १९४८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वर्गात नेला. ‘अंत्य’ म्हणजे सृष्टीत शेवटी जन्मलेला, हा अर्थ त्यांनी तर्काने खोडून काढला आहे. शास्त्रांच्याच उत्पत्तिकथेनुसार शेवटी जन्मला तो शूद्र. अस्पृश्य तर चातुर्वर्ण्याच्या बाहेरचा, मग तो शेवटचा ठरतो कसा? बाबासाहेबांच्या मते येथे ‘अंत’ म्हणजे सृष्टीचा शेवट नव्हे, तर गावाचे टोक. पराभूत टोळ्यांतील विखुरलेली माणसे गावाच्या कडेला राहिली, म्हणून ती अंत्य. जन्माला चिकटविलेला कलंक त्यांनी असा जागेवर आणून ठेवला, आणि जागा तर बदलता येते. ती मुलगी बराच वेळ ते पान वाचत राहिली.

इतिहासाच्या शिक्षकाला येथे अशोक आठवल्यावाचून राहत नाही. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात साम्राज्याच्या सीमेपलीकडील चोल, पांड्य इत्यादींचा निर्देश ‘अंत’ या शब्दाने येतो, आणि त्या टोकांपर्यंत माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचे तो नोंदवितो. कोणाला हीन ठरविणे त्या शब्दात नाही.

‘एंड’चा तिसरा अर्थ साध्य. ‘एंड्स अँड मीन्स’ म्हणजे साध्य आणि साधन. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली ती याच जोडीवर. दोघांचे साध्य बरेचसे एक, भेद आहे तो साधनांचा. हिंसेने आणलेले टिकत नाही, मन बदलून आणलेले टिकते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘ज्याचा शेवट गोड ते सारे गोड’ ही म्हण आम्हाला कधीच पटली नाही, ती यामुळे. शेवटापर्यंत कोणत्या वाटेने आलात, हे ती विचारीतच नाही.

तिन्ही अर्थ सांगून झाल्यावर आम्ही प्रत्येकाला ‘एंड’ची पाच वाक्ये लिहावयास लावतो. वसतिगृहातील एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले होते : ‘माय फादर कम्स इन द एंड ऑफ द मंथ.’ आम्ही ‘इन’ खोडून लाल शाईने ‘अ‍ॅट’ केले. वही परत घेताना तो म्हणाला, “सर, या महिन्यात ते दहा तारखेलाच आले होते. ते कसं लिहायचं?”