शब्दांची गंमत, माहितीची संगत

मुलांनो, मराठीचा तास सुरू झाला की तुमच्यापैकी काही जण मान खाली घालून बसतात. "ही भाषा आपल्याला जमणार नाही," असे त्यांना वाटते. आज आपण एक छोटासा प्रयोग करू. पुढील वाक्य मोठ्याने वाचा.

"हुशार मुलगा हजेरी झाल्यावर खुर्चीवर बसला आणि त्याने दप्तरातून कागद व शाई काढली."

या वाक्यातील हुशार, हजेरी, खुर्ची, दप्तर, कागद आणि शाई हे सहा शब्द नीट पाहा. उर्दूत आपण होशियार, हाजिरी, कुर्सी, दफ्तर, कागज आणि सियाही म्हणतो. म्हणजे हे सहा शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. असे आणखी कितीतरी शब्द मराठीत आहेत. मात्र ओळखीचा दिसणारा प्रत्येक शब्द त्याच अर्थाचा असतो असे नाही. ही गंमत आज आपण पाहू. त्याबरोबर आपल्या परिसराची आणि आपल्या शरीराची थोडी माहितीही मिळवू.

१. हे शब्द मराठीत कसे आले?

बहमनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली. पुढे अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही अशी राज्ये झाली. त्या काळी राज्यकारभारात फारसी भाषेला मोठे स्थान होते. जमिनीचा हिशेब, न्याय, लष्कर यांतील शब्द हळूहळू गावोगावच्या लोकांच्या तोंडी बसले. छत्रपती शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला व राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवले. तरीही रोजच्या बोलण्यातील पुष्कळ फारसी आणि अरबी शब्द मराठीत राहिले.

गणिताच्या तासाला तुम्ही 'वजाबाकी' करता. 'वजा' म्हणजे काढून टाकलेले आणि 'बाकी' म्हणजे उरलेले. दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, नाही का?

शब्दांची देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असे समजू नका. दखनी उर्दूत लोक "नक्को" म्हणतात. तो शब्द मराठीतील 'नको' वरून आला आहे.

एक सोपा नियम लक्षात ठेवा. उर्दूतील 'फ्त' मराठीत पुष्कळदा 'प्त' होतो आणि 'ख्त' चा 'क्त' होतो. जसे, हफ्ता – हप्ता, दफ्तर – दप्तर, तख्ता – तक्ता, सख्त – सक्त.

२. चेहरा तोच, अर्थ वेगळा

आता सावध राहा. पुढील शब्द उर्दूसारखे दिसतात, पण मराठीत त्यांचा अर्थ बदलला आहे.

दप्तर : उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत शाळेत नेण्याची पिशवी.
तालीम : उर्दूत शिक्षण. मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव.
मुलाखत : उर्दूत मुलाकात म्हणजे भेट. मराठीत नोकरीसाठी किंवा वर्तमानपत्रासाठी प्रश्न विचारून घेतलेली माहिती.
हरकत : उर्दूत हालचाल. मराठीत आक्षेप. म्हणून "काही हरकत नाही" याचा अर्थ "काही अडचण नाही, चालेल."
राजीनामा : उर्दूत आपसातील समझोत्याचा कागद. मराठीत नोकरी किंवा पद सोडण्याचे पत्र. उर्दूत त्याला आपण इस्तिफा म्हणतो.
मीठ : उर्दूत मीठा म्हणजे गोड. मराठीत मीठ म्हणजे नमक!

शेजारच्या काकूंनी "थोडे मीठ आण" म्हटले आणि तुम्ही साखर नेऊन दिली, तर त्यांच्या आमटीचे काय होईल, याचा विचार करा.

३. आपल्या परिसराचा भूगोल

मिठावरून आठवले. अँटॉप हिलच्या जवळ, वडाळ्याच्या खाडीकाठी पूर्वी मिठागरे होती. समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत अडवतात. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि मीठ खाली उरते. अशा जागेला मिठागर म्हणतात.

आपल्या वस्तीच्या नावातील 'हिल' म्हणजे टेकडी. टेकडीच्या एका बाजूला वडाळा आणि दुसऱ्या बाजूला शीव. इंग्रजीत 'सायन' म्हणतात ते हेच शीव. मराठीत 'शीव' म्हणजे सीमा, म्हणजेच सरहद. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे आली. तेव्हा त्यांची हद्द येथे संपत असे. खाडीच्या पलीकडे साष्टी बेट होते आणि ते पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. हद्दीवर लक्ष ठेवण्यासाठी इंग्रजांनी शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला. तो किल्ला आजही आहे. पाहा, एका शब्दाचा अर्थ कळला आणि इतिहासाचे एक पान उघडले.

मुंबई पूर्वी सलग नव्हती. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, माहीम आणि वरळी अशी सात बेटे होती. मधल्या खाड्या भरून ती जोडली गेली. 'बेट' याला उर्दूत जजीरा म्हणतात. रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात 'जंजिरा' नावाचा प्रसिद्ध किल्ला आहे. त्याचे नाव जजीरा या शब्दावरूनच पडले.

मुंबईला पिण्याचे पाणीही सात तलावांतून मिळते. ते तलाव असे : विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा. यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच तलाव शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे पाणी दूरच्या डोंगराळ भागातून मोठ्या जलवाहिन्यांतून येते. नळ उघडा ठेवताना हे आठवा.

आता जरा मोठा नकाशा पाहू. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर आहे. गोदावरी नदी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र जवळ आहे, तरी ती पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. असे का होते? नकाशात सह्याद्रीचा उतार पाहा आणि उत्तर शोधा.

४. आपले शरीर

हात, नाक, कान हे शब्द दोन्ही भाषांत सारखे आहेत. दात आणि पोट हेही जवळचेच. पण पुढील शब्द पाठ करावे लागतील : दिल – हृदय, दिमाग – मेंदू, जिगर – यकृत, फेफडे – फुफ्फुसे, गुर्दा – मूत्रपिंड, गर्दन – मान, खून – रक्त.

मराठीत अवयवाला हृदय म्हणत असले, तरी 'दिल' काही मराठीतून गेला नाही. तो दिलदार, दिलासा, दिलगिरी या शब्दांत बसला आहे. दिलगिरी म्हणजे चुकीबद्दल वाटणारे दुःख.

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. सर्वांत लांब हाड मांडीचे. सर्वांत लहान हाड कानाच्या आत असते. ते सुमारे ३ मिलिमीटर लांब असते. घोडेस्वार ज्यात पाय अडकवतो, त्या रिकिबीसारखा त्याचा आकार असतो. ही 'रिकीब' म्हणजे उर्दूतील 'रिकाब'. हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे ७२ पडतात. गुणाकार करून पाहा, एका दिवसात एक लाखाहून अधिक ठोके होतात!

आता 'खून' या शब्दाकडे वळू. उर्दूत खून म्हणजे रक्त. मराठीत मात्र खून म्हणजे एखाद्याला ठार मारणे. "माझा भाऊ जिन्यावरून पडला आणि खून झाला," असे मराठीत सांगितले, तर ऐकणारा पोलीस चौकीकडे धावेल!

हे वाचून तुम्ही हसाल. पण एक खरी हकिकत ऐका. माझा एक नववीतला विद्यार्थी आपल्या दादीला दवाखान्यात घेऊन गेला. दादीला कमी ऐकू येत असे, म्हणून डॉक्टर मुलाशीच बोलले. त्यांनी विचारले, "आजींना खोकल्यातून रक्त पडते का?" 'रक्त' म्हणजे काय, ते मुलाला आठवेना. विचारण्याची लाज वाटली. त्याने घाईघाईने "नाही" असे सांगितले. डॉक्टर औषध लिहू लागले. तेवढ्यात दादीला खोकल्याची उबळ आली. तिने तोंडावर रुमाल धरला. डॉक्टरांचे लक्ष त्या रुमालाकडे गेले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि हिंदीत विचारले, "खाँसी में खून आता है क्या?" मुलगा लगेच म्हणाला, "हाँ, आठ दिन से."

दादीच्या थुंकीची आणि छातीची तपासणी झाली. क्षयरोग निघाला. औषधे वेळेवर सुरू झाली. सहा महिने एकही दिवस न चुकवता तिने ती घेतली आणि ती बरी झाली. पण त्या आठवड्यात तो मुलगा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, हा शब्द चाचणीत आला होता. तेव्हा माझा फक्त एक गुण गेला होता."

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मराठीत बोलण्याचे, अर्ज लिहिण्याचे काम तुमच्यावरच येते. अम्मी, अब्बा, दादी तुमच्या शब्दावर विसंबतात. म्हणून एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. न समजलेल्या शब्दाला "हो" किंवा "नाही" म्हणू नका. "मला हा शब्द समजला नाही, पुन्हा सांगता का?" असे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. विचारणारा माणूस शिकतो.

५. ओळखा पाहू!

(१) दोन रांगांत बत्तीस शिपाई,
मध्ये बसली एकच बाई,
ती मात्र कधी गप्प राहत नाही.

(२) रोज दोनदा येते दारी,
दोनदा जाते माघारी;
चंद्र तिला ओढून घेतो,
कोळी तिची वाट पाहतो.

(३) मी तीन अक्षरांचे. पहिले अक्षर काढा, उरतील माणसे. मधले अक्षर काढा, उरेल जंगल. तिन्ही अक्षरे ठेवा, मी दिसेन तराजूत. उर्दूतही माझे नाव हेच.

(४) खाली घातली तर लाज,
ताठ ठेवली तर स्वाभिमान,
डोलावली तर होकार,
आणि दुसऱ्याला दिला तर सन्मान.

शब्दार्थ

आक्षेप – एतराज. खाडी – जमिनीत शिरलेले समुद्राचे पाणी. उगम – नदी जेथे सुरू होते ती जागा. उतार – ढलान. उबळ – खोकल्याचा जोर. क्षयरोग – टी.बी.; विसंबणे – भरवसा ठेवणे; माघारी – परत; डोलावणे – हलवणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शीव' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) मुंबई शहराच्या हद्दीत कोणते दोन तलाव आहेत?
(इ) मुलाने डॉक्टरांना "नाही" असे का सांगितले?

२. मराठी अर्थ लक्षात घेऊन वाक्यात उपयोग करा : हरकत, मुलाखत, तालीम, मीठ.

३. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने उर्दू आणि मराठीत सारखे असलेले दहा शब्द शोधा. अर्थ सारखाच आहे की बदलला, ते प्रत्येकापुढे लिहा.

४. दोघांनी मिळून संवाद म्हणा : एक जण डॉक्टर, दुसरा दादीबरोबर आलेला मुलगा. या वेळी मुलाने न लाजता शब्दाचा अर्थ विचारायचा आहे.

कोड्यांची उत्तरे : (१) दात आणि जीभ (२) समुद्राची भरती (३) वजन (४) मान. मराठीत 'ती मान' म्हणजे गर्दन आणि 'तो मान' म्हणजे इज्जत.