शृंगेरीला जाण्यापूर्वी



बेंगळुरूहून शृंगेरीला जाणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट माहीत असावी. 1791 साली, तिसऱ्या म्हैसूर युद्धात, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी तिथला मठ लुटला. शारदेची मूर्ती जागची हलवली. स्वामींना कारकळला आश्रय घ्यावा लागला. मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली ती टिपू सुलतानाने. त्याची पत्रे 1916 साली मठातच सापडली.

हे वाचूनच मी शृंगेरीला गेलो. भोजनशाळेत शेजारच्या आजोबांनी गाव विचारले. "तासगाव," मी म्हणालो. म्हणजे पटवर्धनांच्याच मुलखातला. त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी भात वाढायला लावला.

मग खरे काय मानायचे? दोन्ही. त्या भाताने 1791 पुसले जात नाही आणि 1791 मुळे तो भात कडू होत नाही. इतिहास कागदपत्रांवरून तपासावा, समोरचा माणूस त्याच्या वागण्यावरून ओळखावा.

गणवेश घालणाऱ्यांसाठी आणखी एक धडा आहे. पेंढाऱ्यांना पगार नसे, ते लुटीवर जगत. शिवाजी महाराजांनी मात्र चिपळूणच्या छावणीला ताकीद दिली होती, की रयतेला त्रास न देता दाणा-वैरण बाजारातून विकत घ्या. ही शिस्त सुटली की डाग साऱ्या फौजेला लागतो.

स्वाध्याय : पुढच्या सहलीआधी, त्या ठिकाणी आपल्याच लोकांनी पूर्वी काय केले ते शोधून वहीत लिहा.