उद्या काय सांगायचं, आई?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

हा श्लोक वाणीच्या तपाबद्दल आहे. आधीच्या श्लोकात भगवंत शरीराचं तप सांगतात, नंतरच्या श्लोकात मनाचं, आणि मधे हे बोलण्याचं. बोलणं कसं असावं? ऐकणाऱ्याच्या मनात उद्वेग न उठवणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. त्याला जोडून स्वाध्याय, म्हणजे नित्य पठण. तप म्हटलं की आपल्याला उपवास, वारी, थंड पाण्याची अंघोळ आठवते. इथे भगवंत सांगतात की तोंडातून निघणारं एक साधं वाक्यसुद्धा तप होऊ शकतं.

हा श्लोक मला पाठ होता. पण तो कळला दोन वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी रात्री. आज ते लिहिते, कारण गेल्या महिन्यात एका मैत्रिणीवर तीच वेळ आली आणि ती फोनवर नुसती रडत होती.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. एका सकाळी शाळेला उशीर होत होता, माझी नऊची मीटिंग होती, आणि तो बूट घालायला तयार नव्हता. तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा ओरडले, आणि पाचव्यांदा दंडावर चापट मारली. हलकी नव्हती. बोटं उमटली. तो रडत शाळेत गेला, मी मीटिंगला बसले आणि दहा मिनिटांत विसरूनही गेले.

पीटीचे कपडे बदलताना शिक्षिकेला तो लाल वळ दिसला. तिने विचारलं, त्याने जे घडलं ते सांगितलं. दुपारी शाळेतून फोन आला: आम्ही काउन्सिलच्या मुलांच्या विभागाकडे सेफगार्डिंग रेफरल केलं आहे. दुसऱ्या दिवशी सोशल वर्करचा फोन. गुरुवारी चार वाजता घरी येते म्हणाली.

त्यानंतर माझ्या डोक्यात जे सुरू झालं, ते आई-वडील असलेल्या प्रत्येकाला कळेल. २०२३ साली आलेला 'मिसेस चटर्जी व्हर्सेस नॉर्वे' आम्ही घरीच पाहिला होता. तोच डोळ्यांसमोर. घेऊन जातील. व्हिसाचं काय होईल. ऑफिसात कळलं तर. मंडळाच्या गणपतीत कुठल्या तोंडाने जाऊ. शिक्षिकेचा इतका राग आला की सांगता सोय नाही. एका चापटीसाठी?

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, खेळताना पडला म्हणून सांग ना. पोराला पण सांगून ठेव. तुम्ही काय मार न खाता मोठे झालात?" नवऱ्याने रात्री बसून कायदा शोधला. स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये मुलांना मारण्यावर पूर्ण बंदी आणली, पण इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षा' हा बचाव तेव्हाही कायद्यात होता. तो म्हणाला, "वळ राहिला नसेल तर प्रश्नच नाही. बेडवरून पडला म्हणू या." दोघंही माझ्यावरच्या प्रेमाने बोलत होते. आणि खरं सांगते, मला ते पटत होतं.

रात्री मी मुलाच्या पलंगावर बसले. केसांतून हात फिरवत म्हटलं, "उद्या एक मॅडम येणार आहेत हं. त्यांनी विचारलं ना, तर तू सांग..."

तो उठून बसला. "काय सांगायचं, आई?"

पुढचं वाक्य तयार होतं. ते तोंडातून निघालं नाही. आमच्या घरी रोज रात्री एक श्लोक होतो, आणि क्रमाने तेव्हा सतरावा अध्याय चालू होता. दोनच दिवसांपूर्वी हाच श्लोक त्याच्या शेजारी बसून मी म्हटला होता, आणि त्याने विचारलं होतं, "सत्य म्हणजे ट्रूथ ना?" मी हो म्हटलं होतं. योगायोग म्हणा, कृपा म्हणा. त्या क्षणी मला एवढंच दिसलं: चापट त्याच्या दंडावर लागली होती, ती दोन दिवसांत गेली. हे वाक्य त्याच्या आत राहील. आई मारते, हे त्याने एकदा पाहिलं. आई आपल्याला खोटं बोलायला लावते, आणि जे खरं झालं ते झालंच नाही असं म्हणते, हे तो कधी विसरेल?

मी म्हटलं, "जे झालं तेच सांग. मी तुला मारलं, ते चूक होतं. चूक माझी होती, तुझी नाही. तू सांगितलंस म्हणून मी रागावलेली नाही."

तो म्हणाला, "ओके," आणि झोपला. मला झोप लागली नाही, ती गोष्ट वेगळी.

आता त्या चार कसोट्या एकेक करून घेऊ.

पहिली, उद्वेग न उठवणारं. ही फक्त दुसऱ्याशी बोलताना नाही, स्वतःशी बोलतानाही लावायची. "मूल घेऊन जाणार" हे वाक्य मी स्वतःला शंभरदा ऐकवलं होतं, आणि ते खरं आहे का हे एकदाही तपासलं नव्हतं. तपासल्यावर कळलं ते असं. इंग्लंडमध्ये हे काम चिल्ड्रन अ‍ॅक्ट १९८९ खाली चालतं. रेफरल आल्यावर पुढे काय करायचं हे कामकाजाच्या एका दिवसात ठरवायचं असतं. काही वेळा पुढे काहीच होत नाही. काही वेळा कलम १७ खाली, म्हणजे कुटुंबाला मदत हवी आहे का हे पाहण्यासाठी, असेसमेंट होतं. मुलाला गंभीर हानी होत असल्याचा किंवा होण्याचा सयुक्तिक संशय असेल, तर कलम ४७ खाली चौकशी होते. असेसमेंटला जास्तीत जास्त कामकाजाचे ४५ दिवस. आणि सोशल वर्कर स्वतःच्या अधिकारात मूल घेऊन जाऊ शकत नाही. त्याला पालकांची संमती लागते किंवा कोर्टाचा आदेश. अगदी तातडीचा धोका असेल तर पोलिसांना जास्तीत जास्त ७२ तासांचा अधिकार आहे. एवढं कागदावर लिहिलं आणि छातीतली धडधड थोडी खाली आली. अज्ञातातून भीती वाढते, माहितीने ती आपल्या मापाची होते.

दुसरी, सत्य. गुरुवारी मी सोशल वर्करला सांगितलं: मी मारलं, वळ उठला, मी त्या दिवशी थकलेली होते, पण ते कारण आहे, सबब नाही. ती आमच्याशी बोलली, घर पाहिलं, मुलाशी शाळेत एकटीने बोलली. त्याने तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं. दोन गोष्टी जुळल्या, कारण दोन्ही खऱ्या होत्या. जुळवून घ्यावं लागलं नाही.

तिसरी, प्रिय. याचा अर्थ गोडगोड बोलणं नाही, लाचारी तर नाहीच. मी शिक्षिकेवर चिडले होते. पण विचार केला की तिने काय करायला हवं होतं? मुलाच्या अंगावर वळ दिसला तर तिने स्वतः निवाडा करायचा नसतो, शाळेतल्या सेफगार्डिंगच्या जबाबदार व्यक्तीला कळवायचं असतं. उद्या दुसऱ्या एखाद्या घरी खरंच भयंकर काही चालू असेल, तर त्या मुलाला वाचवणारी हीच सवय असेल. शुक्रवारी गेटवर मी तिला नेहमीसारखं गुड मॉर्निंग म्हटलं. तेवढंच जमलं. पण तेही तप होतं हो!

चौथी, हित. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. नवऱ्याने शोधलेला कायदा खरा होता. कायदा काय चालवून घेतो, हा एक प्रश्न. लेकराचं हित कशात आहे, हा दुसरा. बैठकीत माझ्या लक्षात आलं की समोर बसलेली बाई तोच दुसरा प्रश्न विचारते आहे. म्हणजे आम्ही विरुद्ध बाजूंना नव्हतोच.

या श्लोकावर माउलींनी ज्ञानेश्वरीत परिसाचा दृष्टान्त दिला आहे. परीस लोखंडाला तोडत नाही, त्याचं वजन कमी करत नाही, नुसता स्पर्श करतो आणि सोनं करतो. बोलणं असं हवं. मी आता सकाळी बूट घालायची वेळ आली की परीस आठवते. दर वेळी जमतं असं नाही. पण हात उठलेला नाही.

पुढे काय झालं? पाच-सहा आठवड्यांनी असेसमेंट संपलं. आम्हाला पालकांसाठीचा एक कोर्स सुचवला, आम्ही दोघंही गेलो. फाइल बंद झाली. नोंद मात्र राहते, तिच्यासोबत जगायला शिकले. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला पण मी एकदा उलथन्याने मारलं होतं. तुला आठवतं?" मी म्हटलं, "आठवतं." ती म्हणाली, "मला पण." बस्स, एवढंच. पण तीस वर्षांनी ते बोलून झालं.

तुमच्यावर ही वेळ आली तर

काळजी नेमकी कशाबद्दल आहे, कुठल्या कलमाखाली काम चाललं आहे, पुढची पायरी कोणती आणि कधीपर्यंत, हे शांतपणे विचारा आणि लिहून घ्या. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषी मागा. त्यात कमीपणा नाही. मुलाकडून उत्तरं पाठ करून घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, एका विश्वासू माणसाला सांगा. इंग्लंडमध्ये 'फॅमिली राइट्स ग्रुप' ही संस्था पालकांना मोफत सल्ला देते. गोष्ट कलम ४७ किंवा कोर्टापर्यंत जात असेल तर वकील घ्या. सत्य सांगणं आणि सल्ला घेणं यांत विरोध नाही. झोप उडाली असेल, घास उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि कधी एखाद्या मुलाबद्दल काळजी वाटली तर भारतात १०९८ हा क्रमांक आहे, तो फिरवायला लाजू नका.

आजचा अभ्यास

आज एक वाक्य बोलण्याआधी थांबा. एकच. चारही प्रश्न विचारा: याने उद्वेग होईल का, हे खरं आहे का, प्रेमाने म्हणता येईल का, यात कुणाचं हित आहे? घरात लहान मूल असेल तर ते वाक्य त्याच्याशीच बोलायचं असू दे.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्या हाताला आवर दे, जिभेला सत्य दे. चूक झाली तर ती कबूल करायचं बळ दे. ज्या घरात आज आई-बाप रात्रभर जागे आहेत, तिथे तू उभा राहा. आणि ज्या घरात लेकरू घाबरून जागं आहे, तिथे आधी जा.

राम कृष्ण हरी.