वृद्धांसाठी ‘दोइन’ : कोरियाचा जुना व्यायाम

दक्षिण कोरियात 65 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांचे प्रमाण डिसेंबर 2024 मध्ये लोकसंख्येच्या 20 टक्क्यांवर गेले. एवढ्या वृद्धांची काळजी केवळ रुग्णालयांच्या बळावर वाहणे अशक्यच. त्यामुळे तेथील सरकारी आरोग्य केंद्रे देशी वैद्यकातील व्यायामाचे वर्गही चालवितात. श्वास संथ ठेवून अंग ताणणे व चोळणे या प्रकारास ‘दोइन’ म्हणतात.

राजवैद्य हो जुन यांनी राजाज्ञेने 1596 मध्ये हाती घेतलेला ‘तोंगुई बोगाम’ हा 25 खंडांचा ग्रंथ 1610 मध्ये पूर्ण झाला आणि 1613 मध्ये छापला गेला. मधल्या काळात युद्ध झाले, राजा निवर्तला, ग्रंथकारास हद्दपारीही भोगावी लागली. रोगावर उपचार करण्यापेक्षा तो होऊ न देणे श्रेष्ठ, ही ग्रंथाची भूमिका होय. साहजिकच दोइनचे विवेचन पहिल्याच विभागात येते. तळहात एकमेकांवर घासून ऊन करावेत व डोळ्यांवर ठेवावेत, दातांवर दात वाजवावेत, अशा या क्रिया बसल्या जागी, साधनांवाचून करता येतात. गुडघे धरलेल्या आजीबाईंना याहून सोयीचे ते काय?

मात्र नुसत्या बैठ्या क्रियांनी पायांत बळ येत नाही, आणि उतारवयात खरे भय पडण्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये वृद्धांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व स्नायुबळ वाढविणारे व्यायाम सुचविले. ज्यांना उभे राहवते त्यांनी खुर्चीच्या आधाराने टाचा उचलण्याची जोड दोइनला द्यावयास हवी.