मधल्या सुट्टीत शाळा बघ

नवं घर घेताना ओट्याची उंची, पाण्याची वेळ, पार्किंग, सगळं तू नीट तपासलंस. आता लेकाच्या दोन जागा तपासायच्या राहिल्यात, खेळायची आणि शाळेची. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, म्हणून आत्याचं जरा ऐक.

सोसायटीतली खेळायची जागा सकाळी फिरायला गेल्यावर बघू नकोस. उन्हाळ्यात दुपारी चारला जा आणि घसरगुंडीच्या पत्र्यावर उलटा हात टेकव. टेकवत नसेल, तर कमिटीला वर सावली करायला सांग. मग खाली बस, मुलाच्या उंचीला. झोक्याची झिजलेली कडी, बाहेर आलेला बोल्ट, विजेच्या डीपीचं उघडं दार, जमिनीखालच्या टाकीचं हलणारं झाकण, यातलं निम्मं उभ्यानं दिसतच नाही. झोक्याखालची वाळू बोटांनी उकर. लगेच काँक्रीट लागलं तर ती वाळू नुसती दाखवायला आहे. रंगीत रबरी फरशीसुद्धा पातळ असली तर पडणाऱ्याला वाचवत नाही, आणि उन्हात तापते ती वेगळीच.

एवढं पाहिलंस की मागे हो. गुडघे फुटतील. साबणपाण्यानं धुवायचं, पाचव्या वर्षीचा डीपीटीचा बूस्टर चुकवायचा नाही, आणि पुन्हा खेळायला सोडायचं. राज्य कोणावर यावरून भांडणं होतील, तेव्हा गॅलरीतून निवाडा करू नकोस. मुलं सगळ्यात लहानाला कच्चा लिंबू म्हणून खेळात घेतात, बाद करत नाहीत. कुणी ‘टाइम प्लीज’ म्हटलं की पाठलाग करणारं पोर जागच्या जागी थांबतं. हे नियम कुणी मोठ्यानं उभं राहून पाळून घेतलेले नसतात. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि एक चेंडू पुरतो, महागडं काही आणू नकोस. दांडगाई मात्र एकाच पोरावर रोज होत असेल, तर जरूर खाली उतर.

‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागली तर गप्प बसू नकोस. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. तीत 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करताना 10 टक्के जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. मंजूर नकाशा मागव. ती जागा कुठे दाखवली आहे आणि आज तिथे गाड्या उभ्या आहेत का, ते बघ. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना दुपारी शांतता हवी असते, त्यांचंही ऐकायला हवं. दोन ते चार शांतता आणि संध्याकाळ मुलांची, असं सभेत लिहून घे.

शाळेचं सांगते. प्रवेशाच्या चौकशीला ऑफिसात जाशील तेव्हा गुळगुळीत माहितीपत्रक हातात देतील. त्याऐवजी मधल्या सुट्टीच्या वेळी जा. मुलं धावतात का, की हाताची घडी घालून रांगेत डबा खातात? पी.टी.चा तास गणिताला देतात का? गृहपाठ आणला नाही तर काय करता, हे थेट विचार आणि उत्तर देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघ. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेणं ही शिक्षा मला छडीइतकीच वाईट वाटते. ज्या पोराला एका जागी बसवत नाही, त्यालाच ती बहुधा मिळते, आणि पुढच्या तासाला ते आणखी चुळबुळतं. घरीसुद्धा अभ्यासाच्या बदल्यात खेळ तोडू नकोस.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. त्यांनी मुलांना दरडावलं नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तुझ्या शाळेकडून एवढी अपेक्षा नको करूस, पण मूल वर्गात का रमत नाही हे आधी शोधणारी बाई तिथे असायला हवी.

‘बाई, ऐकलं नाही तर दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही,’ असं सांगणारे पालक मला दर वर्षी भेटत. तू हे कधीही म्हणू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. ती परवानगी तुझ्या हातात नाहीच. अंगठे धरून उभं करणं, उठाबशा काढायला लावणं, सगळ्या वर्गासमोर ‘मठ्ठ’ म्हणणं, हे सारं त्यातच आलं.

लेक कधी गप्पगप्प घरी आला तर दारातच उलटतपासणी घेऊ नकोस. खायला दे, जवळ बस, तो सांगेल तेवढंच ऐक. वळ असेल तर फोटो काढ, डॉक्टरांना दाखव. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला एकटी भेट. त्यांची बाजूही ऐकून घे, पण मुलाला समोर उभं करून साक्ष काढू नकोस. तिथे भागलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे, तारीख घाल, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घे. त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, आणि मूल फार घाबरलेलं असेल तर मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक आहे. अर्जात इतर कुणाच्या मुलाचं नाव मात्र त्याच्या आईबापांना विचारल्याशिवाय लिहू नकोस.