जाळीजवळची परीक्षा

टेनिस शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास मागील रेषेवरून चेंडू परतविणे लवकर साधते. परंतु जाळीजवळ जाण्याची वेळ आली की त्याचे पाय अडखळतात. आमचीही गत हीच होती. शाळेच्या एका सामन्यात आम्ही मोठ्या उत्साहाने पुढे धावलो, चेंडू तोंडासमोर येताच डोळे मिटले आणि हातचा गुण घालविला. घरी परतताना एकच प्रश्न मनात घोळत होता : उणीव कसबाची की धैर्याची?

टप्पा पडण्यापूर्वीच चेंडू टोलविणे म्हणजे व्हॉली. कोर्टाची लांबी ७८ फूट. प्रतिपक्षाने मागील रेषेवरून मारलेला चेंडू जाळीपासून ७ फुटांवर उभ्या असलेल्या खेळाडूस ४६ फुटांतच गाठतो. शिवाय टप्प्याने मंदावणारा वेगही येथे कायम असतो. अशा वेळी रॅकेट मागे नेऊन जोराने फिरविण्यास अवसरच नसतो. नवशिका नेमके तेच करतो, म्हणून चुकतो; आणि चुकतो म्हणून भितो.

यावर उपाय सोपा आहे. रॅकेट हातोडीसारखी धरावी व तिचे टोक मनगटाहून उंच ठेवावे. प्रतिपक्षी चेंडू मारीत असतानाच लहानशी उडी घेऊन दोन्ही पायांवर सावध व्हावे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू उजवीकडे आल्यास डावा पाय पुढे टाकावा, डावीकडे आल्यास उजवा. मनगट घट्ट ठेवून चेंडू शरीराच्या पुढेच गाठावा आणि झेल घ्यावा तसा थोडक्यात ठोकावा. चेंडू खाली आल्यास कंबरेत न वाकता गुडघे वाकवावेत. जाळीस स्पर्श झाल्यास गुण जातो, याचेही भान असावे.

आम्ही प्रथम रॅकेट बाजूस ठेवून चेंडू नुसता हाताने झेलला. मग सोबत्याने जवळून हलकेच फेकलेले चेंडू परतविले, आणि शेवटी मागील रेषेवरून आलेले. महिन्याभरात डोळे आपोआप उघडे राहू लागले.

१९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेले रामनाथन कृष्णन बळापेक्षा हाताच्या नाजूक कौशल्याबद्दल नावाजले गेले. ज्यांच्या वडिलांचा जन्म गोव्यातला, त्या लिअँडर पेस यांनी १९९९ साली महेश भूपती यांच्यासह विम्बल्डनचे दुहेरी विजेतेपद मिळविले. त्यांची चपळाई जाळीजवळच विशेष खुलत असे.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे मिळाले : धैर्य आधी येत नाही, सरावामागून येते. म्हणून, मित्रहो, एक पाऊल पुढे टाका!