नकार तोंडी मिळतो, अर्ज लेखी द्या

‘आमच्याकडे तशी सोय नाही हो. तुमच्या मुलाच्याच भल्यासाठी सांगतो, दुसरी शाळा बघा.’ स्वमग्न, कमी ऐकू येणाऱ्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे आईवडील प्रवेशाच्या दिवसांत हे वाक्य शाळेशाळेतून ऐकून येतात. बहुतेक जण त्या दारातूनच मागे फिरतात. कृपा करून फिरू नका. हा नकार नेहमी तोंडीच मिळतो, कारण तो कागदावर द्यायची सोय कायद्याने शाळेला ठेवलेली नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम 16 सांगते, की शासनाचा निधी घेणाऱ्या किंवा शासनमान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. म्हणजे विनाअनुदानित इंग्रजी शाळाही यातून सुटत नाही. अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल, तर वय 6 ते 18 पर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या शाळेत वापरायचा की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आहे. शाळेची नाही. ‘मुलाला एकदा भेटायला घेऊन या’ म्हणत घेतली जाणारी परीक्षाही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने बंद केली आहे. मुलाची किंवा पालकांची चाळणी लावल्यास पहिल्या वेळी 25 हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणून अर्ज लिहा. एक पान पुरे. मुख्याध्यापकांच्या नावे, मुलाचे नाव, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत प्रवेश हवा ते, मग दोन ओळींत अडचण आणि दोन ओळींत मुलाला काय जमते ते. ‘बोलत नाही’ एवढेच लिहून थांबू नका. ‘चित्रे दाखवून मागणी सांगतो, स्वतःच्या हाताने जेवतो’ हेही लिहा, कारण वर्गशिक्षिकेला उपयोग याचा होतो. शेवटी एक वाक्य घालाच : ‘प्रवेश देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे.’ दोन प्रती न्या. एक शाळेला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कारकून पोच द्यायला कां कू करू लागला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उत्तर आले नाही, तर ही पोच घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि तिथेही दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला तक्रार करता येते. पोच हातात नसेल, तर तक्रारीत दाखवायला काहीच उरत नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे काम वेगळे, आणि ते वेळखाऊ आहे. ते आणि दिव्यांगांचे युडीआयडी ओळखपत्र यांसाठी अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणी शासकीय रुग्णालयात होते आणि तारखा पुढे जातात. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत असलेल्या 25 टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुले 2012 च्या दुरुस्तीने वंचित घटकात आली, पण तिथे 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. ही प्रक्रिया वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत चालते, तेव्हा रुग्णालयाची धावपळ दिवाळीपूर्वीच उरका. मात्र साध्या प्रवेशासाठी प्रमाणपत्राची वाट पाहत मुलाचे वर्ष घालवू नका.

जागा मिळाली, तरी खरा प्रश्न वर्गात सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे आणि माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगितले. प्रत्यक्षात हे प्रमाण गाठलेल्या शाळा फार थोड्या. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा सरळ विचारा : विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतात? शौचालयात नेणार कोण? सोबतीला मदतनीस हवी, तर तिचा पगार कोण देणार? गुळमुळीत उत्तर आले, तर सावध व्हा. चकचकीत इमारतीपेक्षा समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक नेमाने येणारी जिल्हा परिषदेची शाळा मी केव्हाही निवडेन. आणि काही मुलांना विशेष शाळाच मानवते. मुंबईतली जय वकील शाळा 1944 पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी चालते आहे. अशी शाळा निवडणे म्हणजे हार मानणे, असे नातेवाईक म्हणतील. त्यांचे मनावर घेऊ नका.

आता आठवी-नववीतल्या विद्यार्थ्यांबद्दल थोडे बोलतो. वाचनात, लेखनात किंवा गणितात अध्ययन अक्षमता असेल, तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. प्रमाणपत्र वेळेवर काढून शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करा आणि ही सवलत निःसंकोच घ्या. गणिताऐवजी सोपा पर्याय घेण्याची सवलत मात्र विचार करून घ्या. डिस्कॅल्क्युलियाने, म्हणजे गणितातल्या अध्ययन अक्षमतेने, खरोखर बेजार झालेल्या मुलाला तिने श्वास घेता येतो, पण अभियांत्रिकीचा डिप्लोमा किंवा अकरावी शास्त्र शाखेत गणित मनात असेल, तर ती वाट तिथेच अडते. केवळ टक्के वाढावेत म्हणून नववीत गणित सोडायला लावणारे पालक मी पाहिले आहेत. मुलाला काय व्हायचे आहे, हे त्याला आधी विचारा, मग फॉर्म भरा. बारावीनंतर शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मुदतीत आहे ना, हे बारावीच्या सुरुवातीलाच पाहून ठेवा.